मदत हवी आहे: बी फ्लॅट मेजर स्केलला बोटं कशी टाकावीत?

नमस्कार मंडळी,

इथे पियानो वाजवणारं कुणी असेल तर जरा सांगा. मी मूळचा हार्मोनियमवाला, भजनाला साथ करण्याइतपत. चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून दर शनिवारी दादरला पियानोच्या क्लासला जातो. घरी बोरिवलीला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड आहे, त्यावर रात्री हेडफोन लावून रियाज.

सी, जी, डी, ए, ई या मेजर स्केल्स बसल्या, कारण उजव्याला १२३-१२३४५ आणि डाव्याला ५४३२१-३२१ (१ म्हणजे अंगठा, ५ म्हणजे करंगळी) हा एकच साचा पाचही ठिकाणी चालतो. एफला उजव्या हातात १२३४-१२३४ करावं लागतं, तेही जमलं. गाडी अडलीय ती बी फ्लॅटवर, म्हणजे आपल्या काळी पाचवर. काळ्या पट्टीवर अंगठा ठेवून सुरुवात केली की अख्खा हात आत सरकतो आणि पुढच्या पांढरी एकला मनगट वाकडं होतं. पुस्तकात पहिल्या सुरावर ४ छापलंय, सर म्हणतात २ ने सुरू करा. दोघांपैकी कोणाचं ऐकू? परीक्षेत छापील बोटांवरून मार्क कापतात का?

आणि डाव्या हाताचं काय करू? तो बिचारा आयुष्यभर भात्यावर. आपल्याला बोटं आहेत हे त्याला आत्ता कळतंय.

---

कोमल_निषाद:

पुस्तकही बरोबर आणि सरही. अगदी खालचा पहिला सूर २ ने घ्या नाहीतर ४ ने, काही बिघडत नाही. बघायचा तो मधला बी फ्लॅट. दोन सप्तकं वाजवताना तिथे ४ च हवं, कारण त्याच्या आधी एफ-जी-ए वर १-२-३ येऊन गेलेले असतात आणि लगेच पुढे सी वर अंगठा घालायचा असतो.

एक खूण लक्षात ठेवा. एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट या पाचही मेजरमध्ये उजव्या हाताचा अंगठा फक्त सी आणि एफ वर पडतो (तुमच्या भाषेत पांढरी एक आणि पांढरी चार) आणि चौथं बोट काळी पाचवर. बाकीची बोटं आपोआप जागेवर येतात. आकडे पाठ करत बसू नका.

डाव्याला सरगम लावा. एफ सोडून उरलेल्या चारही स्केल्सना ३२१-४३२१-३: ग आणि नी वर अंगठा, म वर चौथं बोट. या चारांपैकी सा कुठलाही घ्या, हे बदलत नाही.

रियाज करताना सुटे सूर नकोत. उजव्या हाताने सी-डी-ई फ्लॅट एकदम दाबा, मग एफ-जी-ए-बी फ्लॅट एकदम दाबा. एका गठ्ठ्यावरून दुसऱ्यावर हात न अडखळता गेला की मगच सूर सुटे करा.

---

ठाकुरद्वारचा_बाजा:

परीक्षेचं मनावर घेऊ नका. एबीआरएसएमची (ब्रिटनच्या संगीत परीक्षा मंडळाची) असेल तर तिथे अमुकच बोटं हवीत असा नियम नाही. वाजवणं सुरळीत आणि सुरेल झालं म्हणजे झालं. पण म्हणून रोज वेगळी बोटं टाकू नका. एकदा ठरवलं की तेच.

माझं मत विचाराल तर दोन्ही हात एकत्र करायला बी फ्लॅट आत्ता घेऊच नका. उजवा अंगठा सी-एफ वर, डावा डी-ए वर, दोघांची गाठच पडत नाही. त्याआधी डी फ्लॅट करा. पाच काळ्या पट्ट्या बघून घाबरायला होतं, पण दोन्ही अंगठे एकाच वेळी एफ वर आणि एकाच वेळी सी वर येतात. तुमची तर ती काळी एक, डोळे मिटून सापडेल. पियानोचा थोर संगीतकार शोपँसुद्धा शिष्यांना सी मेजरने सुरुवात करू देत नसे, आधी बी मेजर द्यायचा. लांब बोटं काळ्या पट्ट्यांवर आणि आखूड अंगठा पांढरीवर, हाताला तेच सोयीचं. (आपल्याकडे मात्र सगळे क्लास सी पासूनच सुरू. वाचायला सोपं ना!)

---

धागाकर्ता:

दोघांचेही आभार. काल रात्री डाव्या हाताने ग-नी करून पाहिलं, चढताना लगेच जमलं. उतरताना मात्र म वरून ग वर येताना अंगठा धपकन आपटतो.

---

कोमल_निषाद:

चौथं बोट म वर असतानाच अंगठा ग च्या डोक्यावर नेऊन ठेवा, ऐनवेळी पळवू नका. कोपर बाहेर फेकू नका. आणि हे क्लासमधल्या पियानोवर तपासा. कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर हा धक्का अर्धाअधिक लपतो.