मालवणला पाण्यात उतरताना सनस्क्रीन: लावावं की टाळावं?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)
मे महिन्यात कोल्हापुरातून गगनबावडा नाहीतर फोंडा घाटानं मालवणला गाड्यांची रीघ लागते. होडीत बसल्या बसल्या अंगभर सनस्क्रीन फासायचं आणि दहा मिनिटांत प्रवाळ बघायला पाण्यात, हे थांबायला हवं. ट्यूबच्या मागं बेन्झोफेनोन-३ (म्हणजेच ऑक्सिबेन्झोन) किंवा एथिलहेक्सिल मेथॉक्सीसिनामेट (ऑक्टिनॉक्सेट) ही ऊन अडवणारी रसायनं लिहिली असतील तर ती घरीच ठेवा. पॅसिफिकमधल्या पलाऊ देशानं २०२० पासून आणि हवाई बेटांनी २०२१ पासून ही दोन्ही असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आणली. ऑक्सिबेन्झोनमुळं प्रवाळाची पोहणारी अळी विकृत होते, हलेनाशी होते. मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथं तरी एवढं पाळू.

मात्रा_बघा
हिशोब करू. एका बसमधले ४० जण, प्रत्येकी २० ग्रॅम क्रीम, त्यात ६ टक्के ऑक्सिबेन्झोन. एकूण ४८ ग्रॅम. त्यातलं पाव पाण्यात गेलं तर १२ ग्रॅम. १०० मीटर लांब, १०० रुंद, ३ खोल एवढ्या पट्ट्यात ३ कोटी लिटर पाणी असतं. म्हणजे लिटरला ०.४ मायक्रोग्रॅम. प्रयोगशाळेत उजेडात २४ तासांत निम्म्या अळ्या मेल्या त्या १३९ मायक्रोग्रॅमला, म्हणजे साडेतीनशे पट जास्त. प्रवाळ पांढरं पडतं ते मुख्यतः समुद्र तापल्यानं. ट्यूब बदलून तो थंड होणार नाही.

खारं_पाणी
दादा, गुणाकार बरोबर, पण गृहीतक चुकलं. हे पदार्थ तेलात विरघळणारे आहेत, ते पाण्यात सारखे मिसळत नाहीत. पृष्ठभागावर तवंग राहतो, आणि स्नॉर्कलिंगवाले तर उथळ जागीच घोळक्यानं थांबतात. एका अभ्यासात कॅरिबियनमधल्या व्हर्जिन आयलंड्सच्या एका उपसागरात लिटरला १.४ मिलिग्रॅमपर्यंत (म्हणजे १४०० मायक्रोग्रॅम) मोजलं गेलंय, तुमच्या १३९ च्या दहापट.
आणि उष्णता वेगळी, सनस्क्रीन वेगळं, असं तोडता येत नाही. २०२२ मध्ये समुद्रफुलांवरच्या (प्रवाळाच्या जातकुळीतला जीव) प्रयोगांतून कारण कळलं. हा जीव ऑक्सिबेन्झोन बाहेर टाकायला सोपं जावं म्हणून त्याला ग्लुकोज जोडतो. पण ते जोडलेलं रूप ऊन शोषून पेशी जाळायला लागतं. त्याच्या अंगातलं सहजीवी शेवाळ हे विष स्वतःकडं साठवून त्याला वाचवतं. पाणी तापून ज्याचं शेवाळ आधीच निघून गेलंय, तो जीव लवकर मरतो. म्हणजे उन्हाळ्यात, नेमक्या गर्दीच्या वेळी, घाव दुप्पट.

मात्रा_बघा
कारण मान्य. पण १.४ मिलिग्रॅम हा त्या एका जागेचा कमाल आकडा. त्याच अभ्यासात हवाईत ०.८ ते १९.२ मायक्रोग्रॅम आढळलं. कमाल आकड्यावरून सगळा किनारा मोजू नका.

त्वचेचं_बोला
प्रवाळाबरोबर माणसाचंही बघा. अमेरिकेत ७५ टक्के अंगाला दिवसातून चार वेळा लावून रक्त तपासलं, तेव्हा ऑक्सिबेन्झोन मिलिलिटरला २५८ नॅनोग्रॅमपर्यंत गेलं. तिथल्या औषध नियामकाची मर्यादा ०.५. लोक इथंच घाबरतात. पण ही मर्यादा विषारीपणाची नाही, तिच्यापुढं गेलं तर जादा चाचण्या करा एवढाच तिचा अर्थ. तरी युरोपनं अंगभर लावायच्या क्रीममध्ये ऑक्सिबेन्झोन २.२ टक्क्यांवर आणलंय, आणि लहान मुलांसाठी मीही ते टाळायलाच सांगेन. दुसरं, ऑक्टोक्रिलीन (सनस्क्रीनमधलं आणखी एक ऊन अडवणारं रसायन) जुनं होत जाईल तसं त्यातून बेन्झोफेनोन (बेन्झोफेनोन-३ पेक्षा वेगळं, अंगाला नको असलेलं रसायन) तयार होतं. गेल्या वर्षीची, गाडीच्या डिकीत तापलेली ट्यूब टाकून द्या.
वांग असलेल्यांनी सनस्क्रीन सोडू नये. त्यांना आयर्न ऑक्साइडवालं, त्वचेच्या रंगाचं घ्यावं लागतं, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानंही गडद होतो. ऊसतोडीच्या माणसाला मात्र ट्यूब नको, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोक्याला टॉवेल पुरे.

पंचगंगा_घाट
सगळे मालवणला पोचलात, घरच्या मोरीचं काय? संध्याकाळी तोंड धुतलं की तेच क्रीम गटारातून नाल्यात जातं. सांडपाणी केंद्रात ऑक्टोक्रिलीन बरंचसं गाळाला चिकटतं, ऑक्सिबेन्झोन थोडं पाण्याबरोबर पुढं जातं. पण पंचगंगेत मासे तरंगतात ते मैला आणि कारखान्यांच्या सांडपाण्यानं ऑक्सिजन संपल्यामुळं. आंघोळीलायक पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (घाण कुजवताना जिवाणू खातात तेवढा ऑक्सिजन) ३ च्या आत पाहिजे. आधी ते मागू. सनस्क्रीनवर भांडताना नाला विसरला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रंकाळाकाठ
नाला विसरायचा नाहीच, पण ट्यूब आज माझ्या हातात आहे. पाण्यात जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचा, यूपीएफ ५० चा (कापड ऊन किती अडवतं त्याचा आकडा) पोहण्याचा टी-शर्ट आणि लांब पँट घातली की उघडं राहतं तोंड, मान, हाताचे पंजे आणि पावलं. २० ग्रॅमचं काम ५ ग्रॅमवर येतं. एवढ्यापुरतं झिंक ऑक्साइडचं क्रीम, पाण्यात उतरण्याआधी १५-२० मिनिटं. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, कमी लावलं तर एसपीएफ ५० फक्त डबीवरच राहतं. स्प्रे नको: अर्धा वाऱ्यावर आणि थोडा फुप्फुसात. परत आल्यावर आधी जुन्या सुती फडक्यानं पुसा, मग धुवा. फडकं सुक्या कचऱ्यात.

मात्रा_बघा
टी-शर्टला माझा पूर्ण पाठिंबा. झिंकला नाही. झिंकचे कण पाण्यात थोडे विरघळतात आणि त्यातून सुटणारा झिंकचा आयन (विद्युतभारित कण) शेवाळाला, पाणपिसवांना विषारी आहे. गोड्या, मऊ पाण्यात जास्तच. नदीच्या घाटावर पोहायला जाताना झिंकही नको, सकाळी आठच्या आत पोहून या. आणि डबीवरच्या 'रीफ सेफ' (प्रवाळाला निर्धोक) या शब्दांना कायद्यात व्याख्या नाही, मागचीच यादी वाचा.

खारं_पाणी
गोड्या पाण्याचं पटलं. मालवणला मात्र मी ऑक्सिबेन्झोनपेक्षा झिंकच निवडेन, तेही फक्त नाकाला आणि कानांना.