कच्चं मडकं

दादा, 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हे तुम्ही म्हणता, ते मला अर्धंच पटतं. माझ्या आज्जीच्या तोंडीही ही म्हण होती. पण तीच आज्जी तेरच्या गोरोबाकाका कुंभारांची गोष्टही सांगायची. मडकी ठोकायचं थापटणं घेऊन त्यांनी एकेका संताचं डोकं थापटलं आणि नरसीच्या नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं. नामदेव दुखावले. पण गोष्ट तिथं संपत नाही ना! ते औंढ्याला गुरू विसोबा खेचरांकडे गेले अन् अहंकार गळाला. पुढं त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात गेली. कुंभाराच्या लेखी कच्चं म्हणजे वाईट नव्हे, अजून आव्यात, म्हणजे भट्टीत, न गेलेलं.

माझ्या चुलत्यांनी २० वर्षं दारू प्याली. नात झाली, माळ घातली, सुटली. चिडका स्वभाव मात्र तसाच आहे, अजूनही ताट आदळतात. तेवढ्यापुरती तुमची म्हण खरी. पण गावानं त्यांना 'बेवडा' म्हणणं सोडायला आणखी पाच वर्षं घेतली, तेच मला जास्त लागतं.