नुसत्या स्लाइडिंग स्केलवर साखर 58 ते 330: बेसल किती आणि कसं सुरू करावं?

नाइट_आरएमओ
सर्जिकल वॉर्डातला पेशंट. वय 72, वजन 60 किलो, पायाला सेल्युलायटिस (त्वचेखालचा जंतुसंसर्ग), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) वाढलेलं, 1.9, एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) 9.4. घरी मधुमेहाच्या गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डापाग्लिफ्लोझिन. भरती झाल्यावर काल तिन्ही बंद केल्या. तेव्हापासून फक्त रेग्युलर (काही तासच टिकणारं इन्शुलिन), स्लाइडिंग स्केलप्रमाणे, म्हणजे त्या वेळची साखर बघून डोस. दुपारी 306, रात्री 10 ला 330 म्हणून 10 युनिट. पहाटे 3 ला 58, डेक्स्ट्रोज दिलं, सकाळी 290. क्रिएटिनिनमुळे बेसल (दिवसभर संथ काम करणारं इन्शुलिन) द्यायला सगळेच कचरतात. काय करावं?

फिजिशियन_एमडी
कचरायचं असेल तर त्या रात्रीच्या 10 युनिटला कचरा. झोपताना पोट रिकामं, किडनी कमजोर असल्याने इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं आणि ग्लिमेपिराइडचा अंमलही अजून उतरलेला नसतो. नुसतं स्केल साखर चढल्यावर तिच्या मागे धावतं, ती चढू नये म्हणून काहीच करत नाही.

एरवी दिवसाला किलोमागे 0.4 ते 0.5 युनिट धरतात. सत्तरीपुढे किंवा किडनी बिघडलेली असेल तर 0.2 ते 0.3. इथे 0.25 धरा: एकूण 15. त्यातलं बेसल म्हणजे ग्लार्जिन 8 युनिट, रोज एकाच वेळी. उरलेले 7 जेवणांना 2-2-3. करेक्शन (चढलेल्या साखरेसाठीचं जादा इन्शुलिन) ठेवा, पण जेवणाच्या डोसातच मिळवून. झोपतानाचं करेक्शन निम्मं किंवा त्याहून कमी, आणि रेग्युलर दिल्यावर सहा तासांच्या आत जेवणाशिवाय, नुसत्या करेक्शनसाठी, पुन्हा रेग्युलर नाही. लक्ष्य 140 ते 180. वॉर्डात 110 गाठायच्या नादी लागू नका. साखर 70 च्या खाली गेली तर त्याच दिवशी डोस 10 ते 20 टक्के उतरवा. बेसल मात्र पूर्ण बंद करू नका.

मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन बंद केलंत ते बरोबर. डापाग्लिफ्लोझिनवरचा पेशंट उलट्या करत असेल किंवा धाप लागली असेल, तर साखर 180 असली तरी रक्तातले कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासा.

सिस्टर_इनचार्ज
डोस कागदावर बरोबर असतो, घोळ सिरिंजला होतो. रेग्युलरची वायल बहुतेक ठिकाणी 40 ची (1 मिलिमध्ये 40 युनिट), ग्लार्जिन 100 चं. लाल टोपीची सिरिंज 40 साठी, केशरी 100 साठी. ग्लार्जिन लाल सिरिंजने 8 च्या खुणेपर्यंत भरलं तर आत 20 युनिट जातात, अडीचपट. दोन्ही सिरिंज एका ट्रेमध्ये ठेवूच नयेत. इन्फ्युजनलाही तेच: 50 मिलि सलाईनमध्ये 50 युनिट हवेत तर 40 च्या वायलमधून 1.25 मिलि.

दुसरं म्हणजे जेवण. रेग्युलर अर्धा तास आधी द्यायचं म्हणून साडेबाराला टोचतात आणि घरचा डबा दीडला येतो. ताट किंवा डबा कधी येणार ते कळल्याशिवाय टोचू नये. पेशंट खाईल की नाही याची खात्री नसेल तर डॉक्टरांकडून अ‍ॅस्पार्ट किंवा लिस्प्रो (लवकर काम करणारं इन्शुलिन) लिहून घ्या. ते जेवल्या जेवल्या, जेवढं खाल्लं त्या मानाने देता येतं.

नाइट_आरएमओ
मॅडम, सिरिंजचं आजच बघतो. सर, उद्या सकाळी डिब्राइडमेंट (जखमेतला मेलेला भाग काढायचं ऑपरेशन) आहे. रात्रीपासून उपाशी ठेवायचं, मग ग्लार्जिन द्यायचं का?

फिजिशियन_एमडी
द्यायचं, 75 ते 80 टक्के, म्हणजे 6 युनिट. जेवणाचं इन्शुलिन नाही. उपाशी असेपर्यंत साखर दर 2 ते 4 तासांनी, ऑपरेशनच्या आसपास 100 ते 180. डापाग्लिफ्लोझिन ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवतात. इथे तेवढा वेळ मिळालेला नाही, म्हणून सकाळी कीटोन बघा आणि 1.5 मिलिमोलच्या वर निघाले तर थिएटरला न्यायच्या आधी भूलतज्ज्ञांना कळवा.

ग्लिमेपिराइडमुळे आज रात्रीही साखर घसरू शकते, तेव्हा पहाटे 3 ची तपासणी चुकवू नका. शुद्धीत असेल आणि तोंडाने घेऊ शकत असेल तर 15 ते 20 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटांनी पुन्हा तपासणी. उपाशी किंवा बेशुद्ध असेल तर 25 टक्के डेक्स्ट्रोज 100 मिलि मोठ्या शिरेतून, आणि त्यामागे 10 टक्क्यांचं डेक्स्ट्रोज चालू ठेवा, नाहीतर तासाभरात पुन्हा खाली येतो.