सही करण्याआधी रजिस्टर वाचा
दादा, शाळा व्यवस्थापन समिती नुसती सह्यांपुरती असते हे तुमचं म्हणणं पटलं, पण ती तशी चालू दिली आपणच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत किमान ७५ टक्के पालक ठेवलेत, निम्म्या बायका. अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं तिचंच काम.

मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात सदस्य होते. पहिल्या बैठकीचं रजिस्टर माझ्याच पोराच्या दप्तरातून घरी आलं. तारीख घातलेली, खाली पान कोरं. "मॅडमनी सही मागितलीय." मी केली नाही; दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन बसले.

आमच्याकडं खरा प्रश्न हंगामी वसतिगृहाचा, म्हणजे आईबाप ऊसतोडीला गेले की लेकरांना गावातच ठेवून शिकवायच्या सोयीचा. दिवाळी झाली की गाव ऊसतोडीला निघतं. समितीत वसतिगृहाचा ठराव वेळेत झाला नाही, तर लेकरंही ट्रॅक्टरवर चढतात. निदान तेवढा ठराव दसऱ्याआधी घ्यायला लावा, अन् बैठकीत मोठ्यानं वाचून घ्या.