‘लाओजिआ’: जुनं घर, मायदेश की गाव?

सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधल्या वयस्क चिनी मंडळींविषयीचा मजकूर मराठीत आणतेय. त्यात ‘लाओजिआ’ हा चिनी शब्द वारंवार येतो. शब्दशः ‘जुनं घर’, पण तसं लिहिलं की पडका वाडा डोळ्यांपुढे येतो. ‘मायदेश’ भाषणातला वाटतो. काय लिहू?

– ताई, सरळ ‘गाव’ लिहा. गिरगावात जन्मलेल्यालाही आपण ‘गाव कोणतं?’ विचारतो आणि तो राजापूर सांगतो. लाओजिआही तसंच, स्वतःचा जन्म कुठेही होवो, पूर्वजांचं ठिकाण ते लाओजिआ. मात्र हा मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतला शब्द. चायनाटाउनमधली जुनी पिढी मुख्यतः दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांताच्या तोईसान भागातली. तिकडच्या कॅन्टोनीज भाषेत ‘ह्योंगहा’ म्हणतात, त्याचा अर्थच खेडं, गावाकडचा मुलूख. मजकुरात कोण बोलतंय ते एकदा पाहा. आणि एकाच मुलखातल्या माणसाला मँडरिनमध्ये ‘थोंगश्यांग’ म्हणतात, त्याला आपला ‘गाववाला’ अगदी नेमका बसतो.

– गळलेलं पान मुळाशी परततं, अशी चिनी म्हण आहे. निदान मेल्यावर तरी गावच्या मातीत जायचं. लोक हे खरोखर करत. १९०२ साली ४९९ चिनी मृतांचे, बहुतेक सोन्याच्या खाणीवर राबलेल्यांचे, अवशेष घेऊन न्यूझीलंडहून निघालेलं ‘व्हेंटनॉर’ जहाज तिथल्याच होकिआंगा किनाऱ्याजवळ बुडालं. किनाऱ्याला लागलेली हाडं तिथल्या मूळ रहिवाशांनी, माओरींनी, आपल्या भूमीत पुरली. हे वाचल्यापासून ‘गाव’ हा शब्द मला पूर्वीसारखा हलका वाटत नाही.

दुसरी म्हण उलट सांगते: ‘लुओ दी शंग गन’, जमिनीवर पडलं तिथेच मूळ धरलं. आपल्या पानफुटीला चिनी भाषेत हेच नाव आहे! तेव्हा ‘स्थायिक होणं’ नको, ‘रुजणं’ घ्या.

– ‘रुजणं’ फार आवडलं, काका. आणखी एक. पोर्ट्समथ स्क्वेअर या चौकाला ‘चायनाटाउनचा दिवाणखाना’ म्हणतात. एकेका खोलीत बिऱ्हाड, स्वयंपाकघर सामायिक, म्हणून म्हातारी माणसं दिवसभर चौकात पत्ते नाहीतर चिनी बुद्धिबळ खेळत बसतात. ‘दिवाणखाना’ ठेवू?

– ‘ओसरी’ करा. दिवाणखान्यात बोलावल्यावर जायचं असतं. ओसरीवर जाता-येता कुणीही टेकतं.

– तुमच्या मसुद्यात ‘ऑन लोक’ या संस्थेला ‘वृद्धाश्रम’ म्हटलंय, ते कृपया बदला. १९७० च्या दशकात ती उभी राहिली तीच म्हाताऱ्यांना आश्रमात जावं लागू नये म्हणून. सकाळी गाडी न्यायला येते, केंद्रात गरम जेवण, डॉक्टर, आपल्या भाषेत बोलणारी माणसं, आणि संध्याकाळी आपापल्या खोलीत परत. कॅन्टोनीजमध्ये ‘ऑन’ म्हणजे शांती, ‘लोक’ म्हणजे आनंद. आपल्याकडचं ‘विरंगुळा केंद्र’ जवळ जातं, पण त्यात औषधपाणी येत नाही. मी ‘दिवसाचं घर’ लिहिलं असतं.