एकसष्टाव्या वर्षी पहिली फुल मॅरेथॉन: रविवारची ३२ किलोमीटरची धाव हवीच का?

टेकडीकर (पुणे)

नमस्कार. माझे वय ६१ आहे. वेताळ टेकडीवर रोज सकाळी फिरायला जाता जाता पंचावन्नाव्या वर्षी धावायला लागलो आणि आजवर सात हाफ मॅरेथॉन (साधारण २१ किलोमीटरच्या) पूर्ण केल्या. त्यांतली सर्वांत चांगली वेळ २ तास २० मिनिटे आहे. येत्या जानेवारीत मुंबईची फुल, म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, प्रथमच धावायचे ठरवून नावनोंदणी केली आहे.

आठवड्याला माझे साधारण ४५ किलोमीटर होतात, त्यांत मंगळवारी आणि गुरुवारी आठ-आठ. अडचण आहे ती रविवारच्या लांब धावेची. गेल्या रविवारी २८ किलोमीटर केले. पहिले २२ किलोमीटर साडेसातच्या पेसने (म्हणजे किलोमीटरमागे साडेसात मिनिटे), शेजारच्याशी गप्पा मारत झाले. चोविसाव्या किलोमीटरला कंबर खाली बसल्यासारखी झाली, पाय उचलण्याऐवजी घासू लागले आणि खिशातला राजगिऱ्याचा लाडू तोंडात टाकला तर त्याची कोरडी वाळू झाली, गिळता येईना. कसेबसे ३ तास ४२ मिनिटांत घरी पोहोचलो. सोमवारी जिना उतरताना कठडा धरून आडवे पाऊल टाकत होतो आणि गुरुवारपर्यंत बूट बांधायची इच्छा झाली नाही.

आमच्या गटाला दिलेल्या वेळापत्रकात यापुढे ३०, ३२, पुन्हा ३२ आणि शेवटी ३५ किलोमीटर आहेत, आणि ते तिशीतल्या मुलांना आणि मला अगदी एकच आहे. ती मुले सोमवारी सकाळी कामावर जातात. सौभाग्यवतींचे मत असे की मी एका मेडलसाठी गुडघे गहाण टाकतो आहे. रक्तदाबाची गोळी रोज एक घेतो. डॉक्टरांनी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) करून धावण्यास संमती दिली आहे.

माझा प्रश्न असा, की ३२ आणि ३५ किलोमीटरच्या धावा माझ्या वयाला आवश्यक आहेत का? आणि त्या गाळल्या, तर शर्यतीतल्या शेवटच्या दहा किलोमीटरचा भरवसा कशाच्या जोरावर धरायचा?

घाटपाय (सातारा)

आपल्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, फक्त आपण ते किलोमीटरमध्ये मांडले आहे म्हणून दिसत नाही. साडेसातच्या पेसने ३२ किलोमीटरला बरोबर चार तास लागतात. आपल्या गटातला साडेपाचच्या पेसने धावणारा मुलगा तेच अंतर तीन तासांच्या आत संपवून पोहे खायला बसलेला असतो. म्हणजे वेळापत्रकात आकडा एक असला तरी काम एक नाही. आपण त्याच्यापेक्षा तासभर अधिक काळ पायांवर असता, हजारो पावले अधिक टाकता, आणि तीही त्याच्यापेक्षा सावकाश भरून येणाऱ्या स्नायूंवर.

शिवाय हा ३२ आकडा आला कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. तो वीस मैलांचा किलोमीटरमध्ये केलेला अनुवाद आहे. मैल मोजणाऱ्यांना वीस हा गोल आकडा सोयीचा वाटला, बाकी शरीरात बत्तिसाव्या किलोमीटरला कोणतेही दार उघडत नाही. जॅक डॅनियल्स या अमेरिकी प्रशिक्षकांनी लांब धावेला अंतराची नव्हे, तर अडीच तासांची मर्यादा घातली आणि आठवड्याच्या एकूण धावेच्या पंचवीस ते तीस टक्क्यांहून ती मोठी नसावी असे सांगितले. आपले २८ किलोमीटर हे ४५ मधले साठ टक्क्यांहून अधिक झाले. आठवडाभराचे जेवण एका पंगतीत उरकल्यावर चार दिवस पोट धरून बसावे लागते, त्यातलाच हा प्रकार आहे.

मी आता ६६ वर्षांचा आहे आणि चार फुल पूर्ण केल्या आहेत. पहिल्या वेळी आपल्यासारखेच छापील वेळापत्रक पाळले आणि पोटरी धरून सहा आठवडे घरी बसलो. त्यानंतर मी आठवडाच बदलला. माझा आठवडा चौदा दिवसांचा असतो: एका रविवारी लांब धाव, पुढच्या रविवारी केवळ १४ ते १६ किलोमीटर, तेही सपाटीवर. लांब धाव तीन तासांवर थांबवतो, मग २३ किलोमीटर झालेले असोत की २५. कमी पडलेले अंतर आठवड्यात भरून काढतो. मंगळवार-गुरुवारचे आपले आठ किलोमीटर हळूहळू बारापर्यंत गेले, तर ते रविवारच्या ३२ पेक्षा अधिक उपयोगी पडतील.

आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडच्या धावपटूंना लवकर कळते. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये आधी यवतेश्वरचा घाट चढायचा असतो आणि मग उतरायचा असतो. बाहेरून येणारे चढाची धास्ती घेतात, पण मांड्या जातात त्या उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतो, त्याने त्याचे तंतू दुखावतात, आणि ती दुखापत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत अधिक जाणवते. जिना उतरताना आपली जी अवस्था झाली, तिचे कारण बहुधा हेच आहे. तेव्हा आठवड्यातून दोनदा वीस-वीस मिनिटे पायांचा व्यायाम धरा: पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश खाली सोडणे, खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे आणि सावकाश बसणे. साठीनंतर स्नायू आपोआप झडत असतात आणि नुसत्या धावण्याने ते टिकत नाहीत. मी स्वतः हे पाच वर्षे उशिरा सुरू केले.

पहाटवारा (ठाणे)

घाटपाय यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण तीन तासांच्या मर्यादेबाबत माझा अनुभव वेगळा असल्यामुळे लिहिते. मी ५८ वर्षांची आहे. २०१९ साली मुंबईची फुल धावले तेव्हा माझी सर्वांत लांब धाव २४ किलोमीटरची होती. परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ समोर आला तेव्हा ३५ किलोमीटर उलटून गेले होते, आणि माझे पाय नव्हे, तर माझी समजूत संपली. इतका वेळ आपण कधी पायांवर होतोच नाही, हे त्या क्षणी ध्यानात आले आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर मी चक्क बसून घेतले. कपाळावर मिठाचा थर जमला होता, तो नखाने खरवडत बसले होते. एका अनोळखी आजींनी संत्र्याची फोड हातावर ठेवली नसती, तर बहुधा तिथूनच टॅक्सी केली असती.

पुढच्या वेळी मी एक बदल केला. शर्यतीच्या पाच आठवडे आधी एकदाच सव्वाचार तास बाहेर राहिले, पण सुरुवातीपासूनच चार मिनिटे धावणे आणि एक मिनिट चालणे या क्रमाने. दमल्यावर चालणे वेगळे आणि ठरवून पहिल्या किलोमीटरपासून चालणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात पाय मोडत नाहीत. सोमवारी मी ठणठणीत होते. त्यामुळे टेकडीकर यांना माझे सांगणे असे, की ३५ खुशाल गाळा, पण चार तासांचा एक रविवार, चालण्यासह, सोडू नका.

पुणेकरांसाठी एक खास सूचनाही आहे. आपण डिसेंबरात पहाटे पाचला निघता, कोरड्या थंडीत धावता आणि नऊच्या आत घरी असता. मुंबईत जानेवारीतही हवा दमट असते, घाम वाळत नाही, आणि आपल्या वेगाने शर्यत संपेपर्यंत साडेदहा-अकरा वाजतील, म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर डोक्यावर ऊन घेऊन होतील. म्हणून दोन लांब धावा मुद्दाम सकाळी सातला सुरू करून पाहा. किलोमीटरमागे अर्धा मिनिट तरी अधिक लागेल, लागू द्या.

नाडीपरीक्षा (कोल्हापूर)

मी निवृत्त फिजिशियन आहे. इथे कोणाची तपासणी करता येत नाही, त्यामुळे गोळीविषयीचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा; पण काही गोष्टी त्यांना विचारण्यासाठी लिहून ठेवा.

गोळीच्या औषधाचे नाव ‘लॉल’ने संपत असेल (मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल), तर ती नाडीचा वेग दाबून ठेवते आणि नाडी मोजणाऱ्या मनगटी घड्याळातले नाडीचे टप्पे आपल्याला लागू पडत नाहीत. तशीही ती सूत्रे ढोबळच आहेत: २२० वजा वय या सूत्राने आपली कमाल नाडी १५९ येते, तर २०८ वजा वयाच्या सात दशांश या सूत्राने १६५. लांब धावेत सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येणे हीच खरी कसोटी. गोळीत लघवी वाढवणारे औषध मिसळलेले असेल, तर शरीरातले पाणी आणि क्षार दोन्ही लवकर उतरतात, आणि वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते. याचा अर्थ दिसेल तिथे पाणी ढोसावे असा मात्र नाही. अति पाणी प्यायल्याने रक्तातले सोडियम घसरते, आणि सावकाश धावणाऱ्यांना तो धोका अधिक असतो, कारण त्यांना प्यायला वेळ भरपूर मिळतो. लांब धावेच्या आधी आणि नंतर वजन करा. किलो-दीड किलो घटले तर चिंता नको. वाढले असेल, तर आपण गरजेपेक्षा अधिक प्यायलात. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच कालवावे, अर्ध्या बाटलीत नव्हे.

धावेच्या सकाळी ‘खबरदारी म्हणून’ वेदनाशामक गोळी घेण्याची प्रथा मी अनेक गटांत पाहिली आहे. ती कृपया पाळू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मूत्रपिंडांना इजा करू शकते, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांसोबत हा धोका आणखी वाढतो.

लाडू वाळूसारखा का लागला, तेही सांगतो. शरीरातला साखरेचा साठा दीड-दोन तासांत बराच उतरतो. आपण खाल्ले तेव्हा तीन तास होत आले होते, तोंड सुकले होते आणि पोटाकडचा रक्तपुरवठा पायांकडे वळला होता. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, आणि ती पहिल्या पाऊण तासापासून. खजूर, गुळाचा खडा, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, जे पचते ते, पण दोन घोट पाण्यासोबत.

मेपलपान (मिल्टन, कॅनडा)

मी ज्या गावात राहतो, तिथेच एड व्हिटलॉक राहत असत, म्हणून लिहितो. त्यांनी २००४ साली, ७३ वर्षांचे असताना, टोरंटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पूर्ण केली आणि पंच्याऐंशीव्या वर्षी चार तासांच्या आत. त्यांचा सराव म्हणजे घराजवळच्या दफनभूमीतल्या छोट्या फेऱ्या, संथ गतीने, कित्येक दिवस तीन-तीन तास. त्यांचे अनुकरण करा असे मी म्हणणार नाही. तसे शरीर लाखात एखाद्याचे असते. मात्र ते फेऱ्या मोजत नसत, वेळ पाहत, आणि दुखापत झाली की महिनोन्महिने थांबत. छोट्या फेरीचा एक फायदा आपल्यालाही घेता येईल: नको वाटले, तर घर जवळ असते. दूर चौदा किलोमीटरवर जाऊन फसलो, की परतीचे चौदा नाइलाजाने करावे लागतात.

टेकडीकर (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. औषधाच्या पट्टीवरचे नाव चष्मा लावून वाचले. ते ‘लॉल’नेच संपते. गेले वर्षभर मी घड्याळाकडे पाहून ‘अजून जोर आहे’ असे समजत होतो, त्याचा उलगडा झाला. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

वहीतले ३२, ३२ आणि ३५ हे आकडे खोडले. त्या जागी एकाआड एक रविवारी तीन तास आणि डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पहाटवारा ताईंच्या पद्धतीने चार तास, सकाळी सातला सुरुवात, असे लिहिले आहे. मार्ग पाषाणचा, घराभोवतीच्या पाच किलोमीटरच्या फेऱ्यांचा. खुर्चीवरून उठण्याचा व्यायाम काल करून पाहिला: सातव्या वेळी हात आपोआप गुडघ्यावर गेला आणि सौभाग्यवतींनी तो पाहिला.