अठरा पूर्ण झाले आणि मुलाच्या खात्यातून दंड कापायला लागले. काय करावं?

मिरजेची_आई

नमस्कार. बँकेतल्या माणसांनी किंवा ज्यांची मुलं बाहेरगावी शिकतात त्यांनी कृपया सांगा.

मुलगा डिप्लोमा करून पुण्यात इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला आहे. तिघं मित्र खोली घेऊन राहतात, डबा लावलाय. त्याचं बँक खातं सहावीत असताना माझ्यासोबत उघडलं होतं. तो अठरा वर्षांचा झाल्यावर बँकेने पॅन, फोटो, नवीन सही मागितली आणि ते साधं बचत खातं झालं. काउंटरवर दहा मिनिटांत काम उरकलं. काय बदललं ते तिथे कुणीही त्याला सांगितलं नाही. सरासरी किमान शिल्लक ३,००० हवी, हे बारीक अक्षरात छापलेलं होतं म्हणे.

दिवाळीत त्याने हप्त्यावर मोबाइल घेतला. हप्ता १,६४९ रुपये, तारीख ५. त्याच्या बाबांचा पगार कुपवाडच्या एमआयडीसीतून ७ तारखेला होतो आणि आम्ही त्याला ८ ला पैसे टाकतो. म्हणजे ५ तारखेला खात्यात दोन-चारशे रुपये असायचे. हप्ता परत जायचा. मग पैसे आले की हा कंपनीच्या लिंकवर हप्ता भरून मोकळा व्हायचा आणि विषय संपला असं समजायचा. फोनवर मात्र "आई, पैसे पुरत नाहीत" हेच ऐकू यायचं. आम्हाला वाटायचं, डबा महागला असेल.

परवा तो घरी आला तेव्हा पासबुक भरून आणलं आणि पेन्सिल घेऊन बसले. ५९० रुपये तीन वेळा. २३६ रुपये एकदा. म्हणजे २,००६ रुपये गेले. त्याच पानावर चहा १०, झेरॉक्स १४, बस २० अशा त्याच्या नोंदी आहेत. जो मुलगा चौदा रुपयांची झेरॉक्ससुद्धा जपून काढतो, त्याचे एका ओळीत ५९० जातात, हे बघून जीव तुटला.

विचारलं तर म्हणतो, "खात्यात कमी पडले तर बँक पदरचे घालते आणि नंतर वळते करून घेते, ओव्हरड्राफ्ट असतो ना." हे त्याला खोलीवरच्या मित्राने सांगितलं होतं.

हे पैसे परत मिळतात का? त्याचे बाबा म्हणतात खातं बंद कर आणि रोख दे. पण त्याची शिष्यवृत्तीसुद्धा याच खात्यात यायची आहे. आणि धाकटी आठवीत आहे, तिचंही खातं आहे. तिच्या वेळी हे होऊ नये म्हणून आत्तापासून काय शिकवावं?

काउंटर_नंबर_तीन

ताई, मी सहकारी आणि नंतर राष्ट्रीयीकृत अशा दोन्ही बँकांत काम करून निवृत्त झालो. तुमचा प्रश्न मला फार जवळचा आहे. अठरा पूर्ण झाल्यावर सही बदलायला आलेली मुलं मी काउंटरवर वर्षानुवर्षं पाहिली आहेत. सही घेऊन त्यांना पाठवून देतात, याचं मला तेव्हाही वाईट वाटायचं.

आधी मित्राचा गैरसमज दूर करा. ओव्हरड्राफ्ट ही मंजूर करून घ्यायची सोय आहे. व्यापाऱ्याला चालू खात्यावर मिळते, मुदत ठेवीवर मिळते, जनधन खात्याला अटींवर १०,००० पर्यंत मिळते. साध्या बचत खात्यात पैसे नसतील तर बँक पदरचे घालत नाही. हप्ता आला तसा परत पाठवते आणि परत पाठवल्याचा आकार लावते. तुमचे ५९० म्हणजे ५०० अधिक १८ टक्के जीएसटी. २३६ हा वेगळा दंड आहे, किमान शिल्लक न ठेवल्याचा. तोही २०० अधिक जीएसटी. दोघांचे नियम वेगळे, म्हणून अर्जही वेगळे करा.

आधी २३६ चं बघू. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं परिपत्रक आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी झाली की बँकेने ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, शिल्लक भरायला महिनाभर द्यायचा आणि त्यानंतरच दंड लावायचा. दंड जेवढी तूट त्या प्रमाणात हवा. आणि निव्वळ या दंडामुळे खातं उणे होता कामा नये. आता एक गोष्ट तपासा: खात्याला नंबर कुणाचा जोडलाय? सहावीतलं खातं म्हणजे बहुधा तुमचा किंवा त्याच्या बाबांचा जुना नंबर असणार. मेसेज गेला असेल तर तिकडे गेला असेल, पोराला काय कळणार? शाखेत लेखी अर्ज द्या, सूचना कधी आणि कोणत्या नंबरवर पाठवली ते विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी बोलून येऊ नका.

५९० च्या बाबतीत हात थोडे बांधलेले आहेत. परत गेलेल्या हप्त्याचा आकार बँक आपल्या दरपत्रकाप्रमाणे लावते. तरी मुलाने स्वतः जाऊन मॅनेजरना विनंती केली, खातं नुकतंच बदललंय आणि पुढची सोय केली आहे असं दाखवलं, तर एखादा आकार परत देतात. मी स्वतः दिलेले आहेत. देतीलच असं धरून चालू नका. लेखी तक्रारीला तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा.

खरा इलाज तारखेत आहे. पैसे ८ ला येतात आणि हप्ता ५ ला जातो, तर हे दर महिन्याला होणारच. फायनान्स कंपनीला हप्त्याची तारीख १० करून मागा. काही कंपन्या करतात, काही नाही. नाही म्हणाल्या तर ८ ला पैसे आल्याबरोबर पुढच्या ५ चे १,६४९ बाजूला पडायला हवेत. आणि ५ तारखेला दुपारी भरून उपयोग नसतो. हप्त्याची मागणी सकाळीच येऊन जाते, त्यामुळे ४ ला संध्याकाळी शिल्लक दिसली पाहिजे. लिंकवर भरला तरी परत गेल्याचा आकार माफ होत नाही, हेही त्याला समजावून सांगा. शिवाय हप्ता उशिरा भरल्याची नोंद सिबिलसारख्या, कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थांकडे जाते. पुढे शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर ते आड येतं.

धाकटीची काळजी सध्या करू नका. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२५ ला अल्पवयीनांच्या खात्यांबद्दल सुधारित सूचना काढल्या. दहा वर्षांवरचं मूल बँकेने ठरवलेल्या मर्यादेत स्वतः खातं चालवू शकतं, पण अल्पवयीनाचं खातं उणे होऊ द्यायचं नाही, कायम जमा शिल्लकच हवी, असं त्यात स्पष्ट आहे. शिवाय अल्पवयीनाशी कर्जाचा करार कायद्याने टिकत नाही, म्हणून अठराच्या आत तिला कुणी हप्त्यावर फोन देणार नाही. ही सगळी कुंपणं वाढदिवसाला एका दिवसात पडतात. म्हणून तिच्या सतराव्या वर्षी तिला शेजारी बसवून बँकेचं दरपत्रक वाचा. वेबसाइटवर असतं, शाखेतही मागता येतं. एटीएममध्ये शिल्लक नसताना पैसे काढायला गेलं तरी आकार लागतो, हे मोठ्या माणसांनाही माहीत नसतं.

कोथरूडची_पेइंग_गेस्ट

काकू, मी तुमच्या मुलाच्याच वयाची आहे, त्यामुळे त्याच्या बाजूने थोडं सांगते. त्याने लपवलं असं मनात आणू नका. आम्हाला शिल्लक यूपीआयच्या अ‍ॅपवर दिसते. तिथे एक आकडा दिसतो, कशाचे किती कापले ते दिसत नाही. ८ तारखेला ४,००० आले आणि ३,४०० दिसले तर आधी वाटतं की काल आपणच काहीतरी खर्च केला असेल. खोलीवर तर जो तो एकमेकांचे उसने देत-घेत असतो, हिशोब लागतच नाही.

मी काय करते ते सांगते. दोन खाती ठेवली आहेत. घरचे पैसे येतात त्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. तिथून भाडं आणि डब्याचे पैसे जातात. दुसऱ्यात आठवड्याचे ठरलेले पैसे टाकते आणि चहापाणी, बस, झेरॉक्स सगळं तिथून. ते संपले की संपले. तुमच्या मुलाने हप्त्याचं मॅंडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, पहिल्या खात्यावर ठेवावं.

आणि त्याला यूपीआय अ‍ॅपमधलं 'ऑटोपे' उघडून बघायला सांगा. एक रुपयात महिनाभर मोफत म्हणून घेतलेल्या गोष्टी तिथे सापडतात. माझ्याकडे गाण्यांचं एक अ‍ॅप आणि एक परीक्षेच्या तयारीचं निघालं. तिथूनच रद्द करता येतात. पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज यायलाच हवा असा नियम आहे, पण आपण मेसेज उघडतच नाही. मी त्या मेसेजचा आवाज वेगळा लावलाय.

रोख देऊ नका एवढं मात्र मनापासून सांगते. पुण्यात पाच-दहा रुपयांनासुद्धा समोरचा स्कॅनर पुढे करतो, आणि खोलीत रोख ठेवायची म्हणजे वेगळीच धास्ती.

लेस्टरकर

मुलाच्या डोक्यात जो ओव्हरड्राफ्ट आहे तो आमच्याकडे इंग्लंडमध्ये खरोखर असतो. अठराच्या आत देत नाहीत, पण युनिव्हर्सिटीत गेलं की विद्यार्थी खात्यावर बिनव्याजी ओव्हरड्राफ्ट मिळतो. आमच्या मुलीला मिळाला तेव्हा ती तो आकडा आपल्याच पैशांत धरायला लागली. अ‍ॅपमध्ये 'उपलब्ध' म्हणून ओव्हरड्राफ्टसकट रक्कम दिसायची. एप्रिल २०२० पासून इथे रोजचा ठरावीक दंड लावायला बंदी आली, आता फक्त वार्षिक व्याज लावतात. पण ते बऱ्याच बँकांत चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. शिक्षण संपलं की बिनव्याजी सवलतही हळूहळू काढून घेतात. आम्ही तिला अ‍ॅपचं सेटिंग बदलून फक्त स्वतःची शिल्लक दिसेल असं करून दिलं. त्याचा चांगला उपयोग झाला.

मिरजेची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा अंदाज बरोबर निघाला. खात्याला ह्यांचा जुना नंबर होता, तो बंद होऊन काळ लोटलाय. मुलगा स्वतः अर्ज लिहून शाखेत गेला, मी बाहेर बाकावर बसले होते. २३६ परत जमा झाले. ५९० पैकी एक परत द्यायचं मॅनेजर बाईंनी कबूल केलंय, दोन नाही म्हणाल्या. नंबर बदलून त्याचा लावला. कंपनीने तारीख बदलायला नकार दिला, म्हणून आता दर ८ ला आम्ही टाकतो त्यातले १,६४९ तो लगेच बहिणीच्या खात्यात पाठवतो आणि ती ४ तारखेला परत पाठवते. तिला ही जबाबदारी फार आवडली आहे, कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय.

एकच विचारायचं राहिलं. किमान शिल्लक नसलेलं खातं त्याच बँकेत मिळेल का?

काउंटर_नंबर_तीन

वा, पोरगा स्वतः गेला हे उत्तम झालं.

मिळेल. 'बेसिक सेव्हिंग्ज बँक डिपॉझिट' खातं मागा, प्रत्येक बँकेला ते द्यावंच लागतं. किमान शिल्लक शून्य, एटीएम कार्ड मोफत, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही, म्हणून नवीन न उघडता आहे तेच बदलून मागा, म्हणजे शिष्यवृत्तीला जोडलेला खाते क्रमांकही शक्यतो तोच राहील. तो तसाच राहतोय ना, हे अर्ज देण्याआधी विचारून घ्या. बदलत असेल तर आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते शिष्यवृत्ती येण्याआधी तपासा. आणि बँकच बदलायची झाली तर स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्यांवरची किमान शिल्लकीची अट काढलेली आहे. हप्ता परत गेला तर आकार मात्र शून्य शिल्लकीच्या खात्यालाही लागतो, त्यामुळे ४ तारखेचा गोल पुसू नका.